वसुंधराबाईंचं वाण आणि पंधरा मिनिटं

बोळिंजच्या सागरदीप सोसायटीत असा समज आहे की, ज्या बाईच्या वाणाची चार दिवस चर्चा होत नाही, तिचं हळदीकुंकू झालंच नाही. त्या हिशेबाने वसुंधराबाई पेडणेकरांचं हळदीकुंकू गेली बारा वर्षं दणक्यात होत आलं होतं. एका संक्रांतीला त्यांनी दिलेली चहाची गाळणी अजून तीन मजल्यांवर चालू होती, आणि एकदा दिलेल्या विळीच्या लाकडी झाकणामुळे किती बोटं वाचली याचं वर्णन बी विंगमधल्या बायका आल्यागेल्याला ऐकवत. सोसायटीच्या हॉलमध्ये रथसप्तमीला जे मोठं हळदीकुंकू होई, तिथे पहिलं कुंकू लावायचा मान म्हणूनच त्यांच्याकडे आला होता. कुणी ठराव केला नव्हता. आपोआप आला होता.

या वर्षी त्यांनी वाण ठरवलं ते टीव्ही बघता बघता.

सोसायटीला अर्धं पाणी बोअरिंगचं आणि अर्धं टँकरचं. दोन्ही पाण्यांचं एका बाबतीत एकमत होतं: जिथे सांडू तिथे पांढरा थर ठेवून जाऊ. नळांवर थर, बादल्यांवर थर, बाथरूमच्या लाद्यांचा मूळचा निळा रंग तर बिल्डरच्या जुन्या माहितीपत्रकातच काय तो उरला होता. आणि टीव्हीवर दर दहा मिनिटांनी एक सून लाद्यांवर ‘लखलख’ नावाच्या बाटलीतून फवारा मारी, गुलाबी फडका एकदा फिरवी, आणि लादीवर चांदणी चमके. सासूला लादीत स्वतःचा चेहरा दिसे. खाली अक्षरं येत, ‘एक फवारा, एक फडका!’

“अहो, हेच वाण!” वसुंधराबाई म्हणाल्या. “साठ बाटल्या आणू या. प्रत्येक घरात लादी चमकली की माझी आठवण निघेल.”

आत्मारामरावांनी पुस्तकातून मान वर केली. “चालेल ना?” असं त्यांनी विचारलं, पण इतक्या हळू की ते पुस्तकालाच विचारल्यासारखं झालं.

आत्मारामरावांची सगळी नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. चाळीस वर्षं ते दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवत होते, आणि दर वेळी लाल खूण करण्याआधी शब्दकोश उघडून बघत की चूक आपलीच तर नाही. शब्दकोश त्यांच्या बाजूने बोलला तरी त्यांना पूर्ण खात्री वाटत नसे. स्वतःच्या नावाने त्यांनी एक ओळही छापली नव्हती. त्यामुळे बायकोने जेव्हा सांगितलं, “बाटल्यांवर माझ्या नावाचं स्टिकर हवं, मजकूर तुम्ही लिहा,” तेव्हा त्यांना रात्रभर झोप आली नाही. सतरा कागद फाडल्यावर मजकूर ठरला:

‘संक्रांतीची आठवण. सौ. वसुंधरा आत्माराम पेडणेकर, बी-४०३.’

साठ स्टिकरं छापून आली. ती लावायचं कामही आत्मारामरावांनी मागून घेतलं. पुढच्या बाजूला चांदणीवाली लादी आणि हसरी सून होती. तिच्यावर कागद चिकटवणं त्यांना प्रशस्त वाटेना. मागच्या बाजूला मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांची एक पांढरी चौकट होती, अगदी स्टिकरच्या मापाची. त्यांनी पट्टी घेतली, पेन्सिलीने टिंब केलं, आणि साठच्या साठ स्टिकरं त्या चौकटीवर इतकी बरोबर बसवली की एकही कोपरा रेघेबाहेर गेला नाही. असं समाधान त्यांना नोकरीतही क्वचितच मिळालं होतं.

हळदीकुंकू संक्रांतीनंतरच्या रविवारी झालं. तिळगूळ, ओटी, अत्तर, आणि जाताना प्रत्येकीच्या हातात लखलखची बाटली. बायका दारातूनच म्हणाल्या, “काकू, या वेळी कमाल केलीत!” वसुंधराबाईंचा चेहरा दोन दिवस जाहिरातीतल्या लादीसारखा झाला होता.

मंगळवारी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या पिंकी राऊतकडे हळदीकुंकवाला गेल्या. पिंकी तिशीतली, बँकेत नोकरीला, आणि मनात आलेलं तोंडात थोपवून धरणं तिला जमत नसे.

“काकू, तुमचा स्प्रे मारला हां मी,” ती कुंकू लावता लावता म्हणाली. “एक फवारा, एक फडका. मग दोन फवारे, दोन फडके. मग निम्मी बाटली आणि माझा नवरा. लादी होती तशीच. वास मात्र छान आहे. देवघरात ठेवलाय.”

सगळ्या हसल्या. मग एकेकीला कंठ फुटला. एकीच्या नळावरचा थर हलला नव्हता, दुसरीचं बेसिन होतं तसंच होतं. तिसरी म्हणाली, “जाहिरातीवाल्यांनी आमच्या वसुंधराकाकूंना बरोबर फसवलं.” कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण वसुंधराबाई घरी आल्या त्या चपला न काढता सोफ्यावर बसल्या.

“गाळणी दिली होती तेव्हा गाळणीवर माझं नाव नव्हतं,” त्या म्हणाल्या. “या बाटलीवर आहे. साठ बाथरूममध्ये माझं नाव बुळबुळीत झालंय. मी रथसप्तमीला हॉलमध्ये जाणार नाही.”

“अगं पण पहिलं कुंकू...”

“लावू दे कुणालाही.”

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून असलं वाक्य आत्मारामरावांनी ऐकलं नव्हतं. ती रुसत असे, भांडत असे, पण कुठे जाणार नाही असं कधी म्हणत नसे. रथसप्तमी रविवारी होती, आणि रविवारला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला बाहेर पडल्यावर ते घरातली शिल्लक बाटली घेऊन बाथरूममध्ये शिरले. लादीवर पेन्सिलीने दोन चौकोन आखले. एकावर लखलख मारून जाहिरातीप्रमाणे लगेच फडका फिरवला, दुसऱ्यावर नुसतं पाणी मारून तसाच फडका फिरवला. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं, भिंग आणून पाहिलं. दोन्ही चौकोन जुळ्या भावंडांसारखे पांढरे. म्हणजे एक तर बाटलीत पाणी होतं, नाही तर आपल्याला फडका फिरवता येत नव्हता. विचार केल्यावर त्यांना दुसरीच शक्यता जास्त वाटली.

ते फडका पिळत असतानाच बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली फ्लॉसी डिमेलो होती, रविवारच्या तिळगुळाचा डबा परत करायला आलेली. डब्यात तिने घरचा केक घातला होता.

“अंकल, ताई कुठेय? मला तिला थँक्यू बोलायचंय. काय स्प्रे दिलाय! माझं बाथरूम नवीन झालं.”

आत्मारामराव तिच्याकडे बघत राहिले. फ्लॉसी थट्टा करणाऱ्यातली नव्हती.

“नवीन म्हणजे?”

“नवीन म्हणजे नवीन! या ना, बघा.”

शेजारणीचं बाथरूम बघायला जायचं या कल्पनेनेच त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण रविवार जवळ येत होता. ते हातातल्या फडक्यासकट गेले. आणि खरंच, फ्लॉसीच्या लाद्या निळ्या होत्या. चांदणी नव्हती चमकत, कोपऱ्यांत थोडा पांढरेपणा होता, पण निळ्या होत्या.

“तुम्ही फडका कसा फिरवता?” त्यांनी अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं.

“मी? मी कुठे फिरवते! भागूबाई करते. भागू, ए भागू! इथे ये जरा.”

भागूबाई आगाशीहून बसने येई आणि चौथ्या मजल्यावरची तीन घरं करी. पेडणेकरांचं तेवढं करत नसे, कारण वसुंधराबाईंना स्वतःच्या लादीला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नसे. ती साबणाचे हात घेऊनच आली.

“काय झालं बाबा? काय फुटलं?”

“काही नाही, काही नाही,” आत्मारामराव घाईने म्हणाले. “तुम्ही हे कसं केलंत तेवढं सांगता?”

“कसं म्हंजे? आल्या आल्या तिन्ही घरांत फवारून टाकते. मंग हितं भांडी करते, मंग शेजारी केर काढते. मंग परत येऊन घासते नि पानी मारते. तिन्ही घरांत तसंच.”

“फवारल्यावर लगेच नाही पुसत?”

भागूबाई हसली. “लगेच? बाबा, डाळ चुलीवर ठेवली नि लगेच उतरवली तर शिजेल का?”

आत्मारामरावांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग त्यांना ती पांढरी चौकट आठवली. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आठवली. ती काय म्हणत होती, हे त्यांनी वाचलंच नव्हतं. कपाळावर लावायच्या बामच्या डबीवरचा मजकूरसुद्धा वाचल्याशिवाय बाम न लावणारा माणूस, आणि त्याने साठ बाटल्यांवरची अक्षरं पाहिली आणि न वाचता झाकली.

घरी येऊन त्यांनी स्टिकर सोलायचा प्रयत्न केला. डिंक उत्तम प्रतीचा होता. स्टिकरबरोबर खालची अक्षरंही निघून आली. तेव्हा त्यांनी पायात चपला घातल्या आणि आगाशीच्या बाजारात बाटल्या जिथून आणल्या होत्या ते दुकान गाठलं. फळीवरची एक बाटली उचलून, ती उजेडाकडे धरून, भिंग लावून ते वाचू लागले.

“काका, पोथी नाही ती,” दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला. “घरी नेऊन वाचा निवांत.”

‘डागावर फवारा. पंधरा मिनिटे राहू द्या. ब्रशने घासुन पाण्याने धुवा. जुन्या थरासाठी पुन्हा तसेच करा.’ एवढंच होतं. पुढच्या बाजूला दोन बोटं उंचीच्या अक्षरांत ‘एक फवारा, एक फडका’ आणि मागे हे. ‘घासून’ मधला उकारही चुकला होता. एरवी त्यांनी तो मनातल्या मनात दुरुस्त केला असता, पण आज उकाराला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. वसुंधराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“मी.”

“पट्टी लावून.”

“हो.”

“पेन्सिलीने टिंब करून!”

“आपण सगळ्यांना सांगू या,” असं ते पुटपुटले, तर वसुंधराबाई उसळल्या. “काय सांगू? माझ्या नवऱ्याने माझ्याच नावाने मजकूर झाकला म्हणून? आधी फसले म्हणून हसल्या, आता दोघं मिळून वेडे म्हणून हसतील. नकोच ते. मी जाणार नाही म्हणजे नाही.” मग तीन दिवस घरात फक्त “चहा ठेवलाय” आणि “दार लावून घ्या” एवढीच वाक्यं ऐकू आली.

रविवारी रथसप्तमी होती. चार वाजता खालच्या हॉलमधून बायकांचा गलका वर ऐकू येऊ लागला. वसुंधराबाई घरातल्या साडीत, केसांना तेल लावून, डाळ निवडत बसल्या होत्या. डाळीत एक खडा नव्हता, तरी निवडत होत्या. आत्मारामरावांनी बाटली, ब्रश आणि एक लिंबू कापडी पिशवीत घातलं.

“कुठे निघालात?”

“जरा खाली,” ते म्हणाले. हे खोटं नव्हतं.

हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये पुरुष जात नाहीत. वॉचमनसुद्धा त्या दिवशी दाराकडे पाठ करून बसतो. आत्मारामराव दारापर्यंत गेले, परत फिरले, जिन्याच्या तीन पायऱ्या चढले. आपण बोलायला उभे राहिलो आणि शब्दच आले नाहीत तर? आले आणि चुकीचे आले तर? मग त्यांना वरच्या घरातली ती निवडलेली डाळ दिसली. ते तीन पायऱ्या उतरले आणि आत शिरले.

साठ बायकांच्या माना दाराकडे वळल्या. कुंकवाचं तबक मधल्या टेबलावर तसंच होतं. पहिलं कुंकू कुणी लावायचं यावर बहुधा बोलणं अडलं होतं.

“काका? काकू बऱ्या आहेत ना?” पिंकीने घाबरून विचारलं.

“बरी आहे,” आत्मारामराव म्हणाले. आवाज कुठूनतरी लांबून आला. “म्हणजे बरी नाही. तिचं काही चुकलेलं नाही. कंपनीचंही निम्मंच चुकलंय. स्टिकरं मी लावली. त्यांच्या खाली लिहिलं होतं की फवारून पंधरा मिनिटं थांबा. ते मी झाकलं. सगळ्या बाटल्यांवर. पट्टीने मोजून.”

मग मागून कुणीतरी खुसकन हसलं.

“पट्टीने?” पिंकी म्हणाली.

“हो. कोपरे जुळवून.”

आता मात्र सगळा हॉल हसला. हसणं ओसरायच्या आधीच, धीर सुटेल या भीतीने, आत्मारामराव हॉलच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. त्यामागच्या लाद्या म्हणजे सोसायटीतल्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत पांढऱ्या लाद्या. त्यांनी एका लादीवर लखलख फवारलं, शेजारच्या लादीवर लिंबू पिळलं.

“आणि हे लिंबू कशाला, काका?”

“मला माहीत नाही हे खरंच किती चांगलं आहे,” ते म्हणाले. “म्हणून बघू या म्हटलं. दोन्हींना सारखाच वेळ द्यायचा.”

फ्लॉसी एव्हाना फोन कानाला लावून बाहेर पळाली होती. “ताई, लवकर खाली ये! अंकल हॉलमध्ये बायकांत उभे आहेत! ... अगं शपथ! भाषण देतायत!” दुसऱ्या दमात तिने वर काम आवरत असलेल्या भागूबाईलाही बोलावलं, कारण घासायचं काम ते नीट जमणाऱ्याच्याच हातून व्हायला हवं, असं तिचं म्हणणं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते. पंधरा मिनिटं. मुद्रितं तपासताना पंधरा मिनिटांत चार पानं होत. इथे ती संपायचं नाव घेईनात. आत्मारामराव लादीकडे बघत होते आणि साठ बायका त्यांच्याकडे.

“काका, नुसतं उभं राहून कसं चालेल?” पिंकी म्हणाली. “हळदीकुंकवात आलात ना? मग नाव घ्या!”

“नाव!” हॉलमधून एकच ओरडा झाला. “उखाणा! उखाणा!”

“मला नाही येत,” आत्मारामराव म्हणाले, आणि दाराकडे पाहिलं. दारात भागूबाई ब्रश घेऊन उभी होती आणि दार पुरतं भरलं होतं.

“घ्या ना बाबा,” ती म्हणाली. “मी काय कोनाला सांगत नाय.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. सतरा कागद फाडायला वेळ नव्हता. मग घसा खाकरून ते म्हणाले:

“साठ बाटल्यांना कागद लावून झाकल्या मी साऱ्या ओळी,
वसुंधराचं नाव घेतो, मिळू दे आज गुळाची पोळी!”

हॉल दणाणून गेला. टाळ्या, शिट्ट्या. पिंकीची शिट्टी तर वॉचमनने वळून बघावं अशी. आत्मारामराव डोळे उघडून बघतात तो भागूबाईच्या खांद्यावरून वसुंधराबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. घरातली साडी, तेल लावलेले केस, आणि पदराला चिकटलेले डाळीचे दाणे. धावत आल्याने त्यांना दम लागला होता.

“काकू!” बायकांनी त्यांना ओढून आत घेतलं. कुणी खुर्ची पुढे केली, कुणी त्यांच्या केसांत गजरा खोवला. तबक त्यांच्या हातात कधी आलं ते कुणालाच कळलं नाही.

“अशा अवतारात?” वसुंधराबाई म्हणाल्या.

“याच अवतारात,” पिंकी म्हणाली, आणि कपाळ पुढे केलं. “माझ्यापासून सुरू करा. देवघरातली बाटली बाथरूममध्ये नेते मी आज.”

“वेळ झाली!” फ्लॉसी ओरडली.

भागूबाईने दोन्ही लाद्या घासल्या आणि पाणी मारलं. सगळ्या पुढे झुकल्या. लखलखच्या लादीवर थराखालून निळा रंग वर आला होता. पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त. लिंबाची लादीही तेवढीच निळी झाली होती. डावं-उजवं ठरवायचंच म्हटलं असतं तर तंटा झाला असता.

“म्हणजे लिंबूच बरं की!” कुणीतरी म्हणालं.

“आमच्याकडं चिंच लावतात,” भागूबाई म्हणाली. “ती पन अशीच काढते. पन चिंचेची जाहिरात कोन करनार?”

आत्मारामराव चष्मा पुसत होते. “फवारायला सोपं आहे एवढंच,” ते वसुंधराबाईंकडे न बघता म्हणाले. “बाकी थांबावं लागतंच. आणि घासावंही. चांदणी बहुधा नाहीच येणार.”

“चांदणीचं काय करायचंय?” वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांनी लादीवरून बोट फिरवलं, मग मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, “वाण चांगलं आहे. जाहिरात खोटी आहे. बाटली संपली की लिंबू वापरा.”

“पण निम्मा थर राहिलाच की, काकू,” पिंकी म्हणाली.

“मग आणखी पंधरा मिनिटं!” फ्लॉसीने लादीवर पुन्हा फवारा मारला. “आता ताईची पाळी. नाव घे, ताई!”

वसुंधराबाईंनी तबक खाली ठेवलं, पदर सावरला, डाळीचे दाणे झटकले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो बेसिनच्या कडेला इतका अंग चोरून उभा होता की जणू स्वतःवरच एखादं स्टिकर लावून घ्यावं.

“पंधरा मिनिटं फवारा ठेवला, तेव्हा निघाला डाग,
आत्मारामरावांवरचा माझा त्याआधीच गेला राग!”

पुढचं कुणालाच नीट ऐकू आलं नाही, कारण सगळ्याच ओरडत होत्या. आत्मारामरावांनी फक्त एवढंच पाहिलं की बायको त्यांच्याकडे बघून हसते आहे आणि तिच्या गजऱ्याचं एक टोक सुटलंय. ते सांगावं की नाही याचा ते विचार करत होते, तोच भागूबाईने त्यांच्या बाहीला ओल्या हाताने धरलं.

“बाबा, गप्पा नंतर मारा. ह्यो दुसरा ब्रश घ्या. लाद्यांच्या वरच्या रांगेला माझा हात पुरत नाय.”